डॅशकॅमचं कार्ड महिन्यातून एकदा तरी फॉरमॅट करा, आमच्यावर आली ती वेळ कुणावर येऊ नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र मोठं झालंय, पण शक्य असेल तर पूर्ण छापा ही विनंती, कारण अर्धवट माहितीनेच आमचं नुकसान झालं आणि तेच मला इतरांच्या बाबतीत व्हायला नकोय.

आमच्या दोन टुरिस्ट गाड्या आहेत, दोन्ही सात सीटर. नाशिक रोड स्टेशनवरून भाविक घ्यायचे आणि त्र्यंबक, वणी, शिर्डी, शनी शिंगणापूर करून परत सोडायचे हा आमचा धंदा. बुकिंग मिस्टर बघतात आणि इन्शुरन्स, पासिंग, पीयूसी, टोलचा हिशोब असलं सगळं माझ्याकडे असतं. दोन वर्षांपूर्वी दोन्ही गाड्यांना डॅशकॅम बसवून घेतले, म्हणजे काचेवर आरशाच्या मागे चिकटवतात तो छोटा कॅमेरा, समोरचा रस्ता आतल्या मेमरी कार्डावर सतत रेकॉर्ड करत राहतो. बसवणाऱ्याने वायर नीट आतून घेतली, कॅमेरा चिकटवला, लाईट लागलेला दाखवला, म्हणाला झालं ताई, आता काही बघायची गरज नाही, जुनं आपोआप पुसलं जातं आणि नवीन येत राहतं. आम्ही पैसे दिले आणि निश्चिंत झालो. त्या "काही बघायची गरज नाही" या एका वाक्याबद्दलच हे सगळं पत्र आहे.

गेल्या वर्षी श्रावणात, तिसरा सोमवार होऊन दुसऱ्याच दिवशी, आमची एक गाडी त्र्यंबकहून परत येत होती. संध्याकाळी सातचा सुमार, भुरभुर पाऊस, गाडीत हैदराबादचं एक कुटुंब. सातपूरच्या अलीकडे राँग साईडने एक बाईक आली, त्यावर दोन पोरं, गाडीच्या डाव्या कोपऱ्याला घासली आणि पडली. एकाचा हात मोडला, दुसऱ्याला टाके पडले. जिवावरचं गेलं ही देवाची कृपा, आणि पोरांच्या उपचाराचा खर्च आम्ही दिला त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही, लागलं होतं त्यांना. पण गर्दी जमल्यावर कोण ऐकतंय, मोठ्या गाडीवाल्याचीच चूक, आणि आमचे ड्रायव्हर, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, बावीस वर्षं गाडी चालवतायत, एवढ्या वर्षांत एक ओरखडा नाही, ते एकच सांगत होते की थांबा, कॅमेरा आहे, कॅमेऱ्यात बघा, मी माझ्या बाजूने होतो.

चौकीत कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. मी तोवर पोचले होते. नखाएवढं कार्ड, अण्णांनी ते दोन बोटांत इतकं जपून धरलेलं की बघवत नव्हतं. फोल्डर उघडलं तर शेवटचा व्हिडिओ वैशाखातला, वणीच्या गडाच्या रस्त्यावरचा. त्यानंतर काहीच नाही. श्रावणातलं तर नाहीच, आषाढातलं सुद्धा नाही. आणि जे होते त्या व्हिडिओवर तारीख होती १ जानेवारी २०१९, म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळही कधी लावलेलंच नव्हतं, वैशाखातलं आहे हे सुद्धा आम्ही गाडीत बसलेल्या पॅसेंजरचा आवाज ओळखून बुकिंग रजिस्टरवरून काढलं. अण्णा काही बोलले नाहीत. नुसते खुर्चीवर बसून राहिले. पुढचे आठ दिवस ते कामावर आले नाहीत, आणि आले तेव्हा म्हणाले, वहिनी, कॅमेरा नसता तर एवढं वाईट वाटलं नसतं, मी त्याच्या भरवशावर सगळ्यांसमोर बोललो.

तेव्हापासून मी या कार्डाच्या मागे लागले. भाचा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, त्याला धरलं, कॅमेऱ्याबरोबर आलेलं माहितीपत्रक, जे बारीक अक्षरात असतं आणि डब्यातच राहतं, ते भिंग घेऊन वाचलं, आणि जे कळलं ते साध्या भाषेत लिहिते. जाणकारांना यात नवीन काही वाटणार नाही, पण माझ्यासारख्या कितीतरी गाडीवाल्यांना हे कुणी सांगितलेलंच नाहीये.

आधी आमचं काय झालं ते. डॅशकॅम एकेक, तीन किंवा पाच मिनिटांचे तुकडे करून रेकॉर्ड करतो, कार्ड भरलं की सगळ्यात जुना तुकडा पुसून त्यावर नवीन लिहितो, याला लूप रेकॉर्डिंग म्हणतात, इथपर्यंत बसवणारा बरोबर बोलला. पण कॅमेऱ्यात धक्का ओळखणारा एक सेन्सर असतो, जी सेन्सर म्हणतात. गाडीला जोराचा दणका बसला की त्याला वाटतं अपघात झाला, आणि तो त्या वेळचा तुकडा लॉक करून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो म्हणजे तो पुसला जाऊ नये. सोय चांगली आहे. पण बऱ्याच कॅमेऱ्यांमध्ये हे लॉक झालेले तुकडे लूपमध्ये कधीच पुसले जात नाहीत. आता आमच्या गाड्या कुठे फिरतात, पावसाळ्यातला त्र्यंबक रोड, सिन्नरकडून शिर्डीला जाणारा रस्ता, गल्लोगल्ली स्पीडब्रेकर, आणि सेन्सर ठेवलेला हाय वर. प्रत्येक खड्ड्याला एक तुकडा लॉक. असे खड्ड्यांचे आणि स्पीडब्रेकरचे व्हिडिओ साठत साठत अख्खं कार्ड भरलं, पुसायला जागाच उरली नाही आणि रेकॉर्डिंग बंद पडलं. कॅमेऱ्याचा लाईट मात्र चालू, स्क्रीनवर रस्ताही दिसायचा. स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्ड भरल्याचं बारीक चिन्ह येत होतं म्हणे, ते स्क्रीन पाच मिनिटांनी आपोआप बंद होत असल्यामुळे कुणाच्या नजरेला पडलं नाही.

महिन्यातून एकदा कार्ड फॉरमॅट केलं असतं तर हे सगळे लॉक झालेले तुकडे गेले असते. एवढंच करायचं होतं.

फॉरमॅट म्हणजे काय हे मी माझ्या रजिस्टरवरून समजून घेतलं. माझ्या बुकिंग रजिस्टरला पुढे अनुक्रमणिका आहे, कोणत्या पानावर कोणत्या महिन्याचं बुकिंग. कार्डाचंही तसंच असतं, पुढे एक यादी की कोणता व्हिडिओ कुठे लिहिलाय, आणि मागे खरा मजकूर. कॅमेरा दिवसभर त्या यादीत खोडतो आणि लिहितो, खोडतो आणि लिहितो, मधेच कुणी चावी काढली, वायर हलली, लिहिता लिहिता करंट गेला की एखादी नोंद अर्धी राहते. अशा अर्धवट नोंदी वाढत गेल्या की यादीचा आणि मजकुराचा मेळ बसत नाही, मग कॅमेरा कार्ड एरर दाखवतो, किंवा अडकतो, किंवा आपोआप बंद-चालू होत राहतो. फॉरमॅट केलं की यादी कोरी करकरीत होते आणि नव्याने सुरुवात. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात हे ठराविक दिवसांनी करत राहा असं लिहिलेलं असतंच.

आता दुसरा घोळ, जो आम्ही स्वतः केला. आमच्या दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला, तरुण पोरगा आहे, मी सांगितलं की तुझ्या गाडीची चिप फॉरमॅट करून ठेव. (ड्रायव्हर लोक चिपच म्हणतात, मीही आता म्हणते.) त्याने ती मोबाईलमध्ये घातली आणि मोबाईलने विचारलं तसं ओके ओके करत गेला. अँड्रॉइड मोबाईलमध्ये दोन पर्याय येतात, एक कार्ड बाहेरचं म्हणून वापरायचं आणि दुसरा फोनचीच मेमरी म्हणून वापरायचं, त्याने दुसरा निवडला. तसं केलं की फोन ते कार्ड स्वतःच्या कुलुपात बंद करतो, त्या फोनशिवाय ते कुणालाच वाचता येत नाही. कॅमेऱ्यात घातलं तर एरर. मग भाच्याने लॅपटॉपवर केलं, तिथे दोन पर्याय आले, एनटीएफएस आणि एक्सफॅट (कार्डाची मांडणी करायच्या दोन पद्धती), घाईत त्याने एनटीएफएस केलं, ते तर आमच्या कॅमेऱ्याला अजिबात कळत नाही, परत एरर. मग एक्सफॅट केलं तरी एरर. कार्ड ६४ जीबीचं, चांगल्या कंपनीचं, सहा महिने जुनं, आणि आम्ही दोघं रविवारी दुपारभर त्याच्याशी झटतोय.

कारण असं निघालं. मेमरी कार्डाचे जे जागतिक नियम आहेत त्यानुसार ३२ जीबीपर्यंतच्या कार्डाला एसडीएचसी म्हणतात आणि त्याची मांडणी फॅट३२ पद्धतीची असते, ३२ च्या वर २ टीबीपर्यंत एसडीएक्ससी, त्याची मांडणी एक्सफॅट. पण बरेच डॅशकॅम, विशेषतः साधे आणि जुने, ६४ किंवा १२८ चं कार्ड चालतं म्हणतात खरं, पण ते त्यांना फॅट३२ मध्येच हवं असतं. आणि विंडोजची जी नेहमीची फॉरमॅटची खिडकी उघडते, उजवं बटण दाबून, त्यात वर्षानुवर्षं ३२ जीबीच्या वरच्या कार्डाला फॅट३२ चा पर्यायच येत नाही. म्हणजे कॅमेऱ्याला जे पाहिजे ते कॉम्प्युटर देत नाही. यात कुणाचीच चूक नाही पण माणूस मधल्यामधे अडकतो, आणि चांगलं कार्ड खराब समजून नवीन आणायला धावतो.

यावर तोडगा इतका सोपा आहे की तो कळल्यावर मला रडूच आलं. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं. मोबाईल नको, लॅपटॉप नको. गाडी बाजूला उभी करायची, चावी ऑन, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बंद करायचं कारण रेकॉर्डिंग चालू असताना बहुतेक कॅमेरे मेनू उघडू देत नाहीत, मग मेनू, सेटिंग, त्यात खाली खाली गेलं की फॉरमॅट, तो विचारतो सगळा डेटा जाईल, चालेल का, ओके. आमच्या कॅमेऱ्याला दहा सेकंद लागतात. ज्यांच्या कॅमेऱ्याला स्क्रीनच नाही त्यांनी मोबाईलच्या ॲपमधून वायफायने कॅमेरा जोडायचा, तिथे सेटिंगमध्ये हेच असतं. कॅमेरा स्वतःला जी मांडणी लागते ती स्वतःच करून घेतो, फॅट३२ का एक्सफॅट याचा विचार आपण करायचाच नाही. एनटीएफएसवाल्या आमच्या त्याच कार्डाला एरर दाखवतानाच कॅमेऱ्याने खाली फॉरमॅट करू का असंही विचारलेलं होतं, आम्ही ते वाचलंच नव्हतं.

कधी कधी कॅमेरा कार्डाला ओळखतच नाही आणि कॉम्प्युटरवर करण्याशिवाय इलाज नसतो. तेव्हा एसडी असोसिएशनचं एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे ते वापरावं, आणि तिथून काढून पुन्हा एकदा कॅमेऱ्यात फॉरमॅट करावं. मोठ्या अडॅप्टरमध्ये कार्ड घातलं असेल तर अडॅप्टरच्या कडेला एक छोटी सरकपट्टी असते, ती लॉकच्या बाजूला सरकलेली असली की काहीच पुसलं जात नाही. आमचा अर्धा तास त्यात गेलाय.

फॉरमॅट झाल्यावर लगेच गाडी हाकायची नाही. तारीख-वेळ बघायची, सेन्सर लो करायचा, लूप तीन मिनिटांवर, मग दोन मिनिटं रेकॉर्डिंग होऊ द्यायचं आणि तिथेच ते लावून बघायचं. व्हिडिओ दिसला, समोरच्या गाडीचा नंबर वाचता आला, की मग निघायचं. हे शेवटचं मी अण्णांकडून शिकले, ते आता दर वेळी बघितल्याशिवाय गिअर टाकत नाहीत.

कार्डाबद्दलही थोडं सांगते कारण फॉरमॅट करूनही न सुधारणारी कार्डं असतात. साध्या फुल एचडी कॅमेऱ्याचा हिशोब धरला, सेकंदाला १५ मेगाबिट (म्हणजे दोन एमबीपेक्षाही कमी), तर तासाला साधारण पावणेसात जीबी होतात. म्हणजे ६४ चं कार्ड साडेनऊ तासात भरतं. आमची गाडी सीझनला रोज नऊ-दहा तास रस्त्यावर असते. म्हणजे रोज एकदा अख्खं कार्ड खोडून पुन्हा लिहिलं जातं, वर्षभर तसंच धरलं तर तीनशेच्या वर वेळा. घरच्या कॅमेऱ्यातलं किंवा मोबाईलमधलं कार्ड कुणी इतकं वापरत नाही. फ्लॅश मेमरीचे, म्हणजे कार्डातल्या मेमरीचे, जे बारीक कप्पे असतात त्यांना लिहा-पुसायची मर्यादा असते, आणि त्यात एप्रिल-मे मधे नाशकात चाळीसच्या आसपास ऊन, काचेला चिकटलेला कॅमेरा बंद गाडीत भाजत असतो. म्हणून डॅशकॅम आणि सीसीटीव्हीसाठी हाय एन्ड्युरन्स म्हणून वेगळी कार्डं मिळतात, थोडी महाग पडतात पण तीच घ्यावीत, कितीतरी साध्या कार्डांच्या वॉरंटीत तर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की डॅशकॅममध्ये वापरलं तर वॉरंटी नाही. वेगासाठी कार्डावर क्लास १० किंवा यू १ असेल तर सेकंदाला किमान १० एमबी लिहिलं जातं, यू ३ किंवा व्ही ३० असेल तर ३०. फुल एचडीला पहिलं पुरतं, फोर के ला दुसरंच घ्यावं.

आमच्या पहिल्या गाडीचं कार्ड, तेच ज्याने आम्हाला दगा दिला, ते मी कॅमेऱ्यात फॉरमॅट केलं, झालं म्हणून आलं, बंद करून चालू केलं तर वैशाखातले व्हिडिओ जसेच्या तसे परत हजर. तीनदा केलं, तीनदा परत. मला वाटलं माझंच काही चुकतंय. पण घासून संपलेल्या कार्डांचं असं होतं म्हणे, आतला कंट्रोलर (कार्डाचा कारभार सांभाळणारा भाग) लिहिणं बंद करून टाकतो, वाचू देतो पण बदलू देत नाही, आणि फॉरमॅट झाल्याचं नुसतं वरवर दिसतं. असं झालं की ते कार्ड संपलं, फेकून द्यायचं. म्हणून फॉरमॅट केल्यावर फोल्डर खरंच रिकामं झालंय का हे सुद्धा एकदा बघा.

त्याच्या जागी घाईत एका दुकानातून १२८ जीबीचं आणलं, भाव निम्म्याहून कमी सांगितला तेव्हाच शंका यायला हवी होती. कॅमेऱ्याने फॉरमॅट करून घेतलं, चार दिवस नीट चाललं आणि मग व्हिडिओंची नावं दिसायची पण लावायला गेलं की लागायचे नाहीत. भाच्याने एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर लावलं, ते अख्खं कार्ड भरून परत वाचून बघतं, रात्री लावून ठेवलं, सकाळी कळलं की आत खरी जागा ३२ ची सुद्धा पूर्ण नाही. वर १२८ छापलेलं, आतल्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं, आणि खऱ्या जागेच्या पुढे जे लिहिलं ते सगळं वाऱ्यावर. अशा कार्डाला कितीही वेळा फॉरमॅट करा, काही होत नाही. (६४ चं कार्ड कॉम्प्युटरवर ५९ दिसतं ती मात्र फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, एवढाच फरक.) नवीन कार्ड आणलं की कॅमेऱ्यात घालायच्या आधी ही चाचणी करून घ्याच, आणि पक्कं बिल घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला सर्वांत कळकळीने सांगायचंय. फॉरमॅट कधी करायचं नाही. अपघात झाला, कट लागला, भांडण झालं, काहीही झालं की त्या दिवशी फॉरमॅटला हात लावायचा नाही. कॅमेरा नीट बंद होऊ द्यायचा, पाच-दहा सेकंद थांबायचं म्हणजे शेवटचा तुकडा पूर्ण लिहिला जातो, आणि कार्ड काढून घ्यायचं. चालू असताना उपसून काढलं तर नेमका तोच तुकडा खराब होतो. आणि कॅमेरा तसाच चालू ठेवून गाडी घरी आणली, दोन दिवस फिरवली, तर लूप फिरत फिरत त्याच प्रसंगावर नवीन रस्ता लिहून बसतो, लॉक झाला नसेल तर गेला. आमच्या ओळखीचे एक ट्रॅव्हल्सवाले आहेत, त्यांच्या ड्रायव्हरने अपघातानंतर कार्ड एरर दिसतोय म्हणून घाबरून तिथल्या तिथे फॉरमॅट केलं, आणि मग सगळं गेलं म्हणून डोक्याला हात लावून बसला. खरं तर तेव्हाही सगळं गेलेलं नसतं. साध्या फॉरमॅटमध्ये माझ्या रजिस्टरची फक्त अनुक्रमणिका फाटते, आतली पानं त्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत बऱ्याचदा शाबूत असतात. कार्ड तातडीने काढून, त्यावर काहीही न लिहिता, फोटोरेक किंवा रेकुव्हासारख्या सॉफ्टवेअरने पुष्कळदा परत मिळतं. त्या ड्रायव्हरने कार्ड परत कॅमेऱ्यात घालून नाशिक ते कसारा आणि परत केलं, तेवढ्यात जे उरलं होतं त्यावरही लिहिलं गेलं.

कायद्याचंही एक आमच्या ओळखीच्या वकील ताईंनी समजावलं. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, त्याच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं आहे, आधी ते ६५ब होतं. व्हिडिओची कॉपी पेनड्राइव्हवर किंवा दुसरीकडे करून दिली तर त्याबरोबर प्रमाणपत्र लागतं, त्याचा नमुना कायद्याला जोडलेलाच आहे, दोन भाग आहेत, एक देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा बोटाचा ठसाच म्हणा, लिहावी लागते, एक अक्षर बदललं तरी ती बदलते. जालन्याच्या निवडणूक खटल्यात सुप्रीम कोर्टाने जुलै २०२० मध्ये हेही सांगितलं होतं की मूळ वस्तूच कोर्टापुढे आणली आणि तिच्या मालकाने स्वतः साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज पडत नाही. म्हणजे मूळ कार्डाला किती किंमत आहे बघा. ते पाकिटात घालून, वर तारीख, गाडी नंबर, वेळ लिहून बाजूला ठेवायचं आणि गाडीत दुसरं कार्ड टाकायचं. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान झालेला असतो, तो नातेवाइकांना दाखवायला ठीक. आमच्या दोन्ही गाड्यांच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये आता एक जादा कार्ड आणि दोन कोरी पाकिटं कायम असतात.

हे सगळं मी का लिहितेय. नाशकात आता टुरिस्ट गाड्या, स्कूल व्हॅन, पिंपळगावची द्राक्षं घेऊन जाणारे पिकअप, अंबड-सातपूरचे कंपनीच्या लोकांना नेणारे टेम्पो, कितीतरी गाड्यांना कॅमेरे लागलेत, घरच्या गाड्यांना तर बघायलाच नको. दसऱ्याला नवीन गाड्या निघतील, त्यांना शोरूमच्या बाहेरच कॅमेरे बसतील. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, त्र्यंबक रोडला, द्वारका चौकाला, आडगाव नाक्याला बाहेरच्या राज्यांतल्या गाड्यांची किती गर्दी होणार हे नाशिककरांना सांगायला नको. त्या गर्दीत घासाघाशी होणार, वाद होणार, आणि लोक काचेकडे बोट दाखवून म्हणणार की कॅमेऱ्यात बघा. तेव्हा आत काहीतरी असायला पाहिजे ना.

म्हणून कॅमेरे विकणाऱ्या आणि बसवणाऱ्या सगळ्या दुकानदार बंधूंना माझी हात जोडून विनंती आहे की बिल फाडायच्या आधी गिऱ्हाईकाला स्वतःच्या हाताने एकदा फॉरमॅट करायला लावा. तुम्ही करून दाखवू नका, त्याला करू द्या, माणूस स्वतः केलेलंच लक्षात ठेवतो. तारीख लावून द्या. सेन्सर लो करून द्या. आणि "काही बघायची गरज नाही" हे वाक्य कृपा करून बोलू नका. तुमची पाच मिनिटं जातील पण एखाद्या अण्णांची इज्जत राहील. गाड्यांच्या मालकांनाही सांगणं आहे, ड्रायव्हरवर ढकलू नका, डिझेलचा हिशोब जसा बघता तसं महिन्यातून एकदा कार्डही बघा. आणि संपादक साहेब, आपल्या पेपरमध्ये वाहनांबद्दल माहिती येते तिथे एका छोट्या चौकटीत हे फॉरमॅटचं मराठीत द्यावं, स्क्रीनवर इंग्रजीत जे शब्द येतात त्यांचा अर्थ शेजारी लिहून, कारण कितीतरी ड्रायव्हर मंडळी मेनू इंग्रजीत आहे म्हणूनच बटणाला हात लावत नाहीत. ती चौकट कापून गाडीत ठेवता येईल.

आमच्याकडे आता दिवस ठरलेला आहे. दर अमावास्येला अण्णा गाडी धुतात, जुनं लिंबू-मिरची काढून नवीन बांधतात, नारळ फोडतात, आणि मग आत बसून कार्ड फॉरमॅट करतात. त्याआधी मला विचारतात, वहिनी, मागच्या महिन्यातलं काही ठेवायचंय का. मी रजिस्टर बघते, कुठे काही घडलं असेल तर ते आधी काढून घेते, आणि नाही म्हटलं की ते बटण दाबतात. दोन मिनिटांचा नवीन व्हिडिओ लावून दाखवतात, त्यात आमच्या गल्लीतला आंबा आणि समोर उभ्या रिक्षाचा नंबर स्वच्छ दिसतो, मी रजिस्टरमध्ये तारीख टाकून सही करते.

दसऱ्याच्या आत हे पत्र छापलंत तर फार उपकार होतील.

आपली एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक